गटारीच्या दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय? मग हे आधी वाचा

आषाढ अमावास्या जवळ आली की ऑफिसच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "कुठे बसायचं?" श्रावण लागायच्या आत मटण आणि बाटली दोन्ही उरकून घ्यायची असते. अमावास्या पंचांग बघून येते, सुट्टी बघून नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी बायोमेट्रिकवर बोट ठेवायचं असतंच. जुन्या खेळाडूंचं आपापलं गणित ठरलेलं असतं. हा लेख त्यांच्यासाठी नाही. नव्याने अशा बैठकीत बसायला लागलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांना आपण किती पितो हे अजून मोजता येत नाही त्यांच्यासाठी आहे. ('नव्याने' म्हणजे कायद्याच्या वयानंतर. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५, गोव्यात २१.)

आधी वाईट बातमी. हँगओव्हर हमखास टाळणारी गोळी, काढा, सरबत, पावडर यांपैकी काहीही आजवर सापडलेलं नाही. २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा उपायांच्या चाचण्यांचा आढावा आला होता, त्यात एकही उपाय ठामपणे उतरला नाही. २०२२ मध्ये 'ॲडिक्शन' नियतकालिकात २१ चाचण्या पुन्हा तपासल्या गेल्या आणि पुरावा अगदीच तकलादू निघाला. मेडिकलच्या काउंटरवर 'पार्टीच्या आधी घ्या' म्हणून जे काही मिळतं त्यावर पैसे घालवू नका. न पिणं हा एकच खात्रीचा उपाय. पिणारच असाल तर किती, किती वेळात, कशावर आणि कितीपर्यंत जागून, या चार गोष्टी तुमच्या हातात आहेत. चारही गोष्टी रात्रीच्या आहेत. सकाळी करण्यासारखं फार थोडं उरतं.

पहिली पायरी: बाटलीवरचा आकडा वाचायला शिका

"मी फक्त दोन बिअर घेतल्या" आणि "मी फक्त दोन पेग घेतले" ही वाक्यं ऐकायला सारखी, पण त्यांतल्या अल्कोहोलमध्ये कधी कधी दुपटीचा फरक असतो. म्हणून मोजायला एक एकक धरा: ३० मिलीचा स्मॉल पेग. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका, ब्रँडीच्या लेबलवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं (जुन्या मापात '२५ अंडर प्रूफ'). ३० मिलीत त्याचं साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. आता सगळ्या बाटल्या याच मापात मोजा.

लार्ज, म्हणजे ६० मिली: दोन स्मॉल. नाइन्टी: तीन. क्वार्टर, म्हणजे १८० मिली: सहा. वाइनचा १५० मिलीचा ग्लास १३ टक्क्यांनी धरला तर दीड. साध्या, पाच टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलीचा पाइंट: सव्वा ते दीड. तीच बिअर ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत: अडीच. आणि आता नवख्यांचा सगळ्यात मोठा घात करणारी गोष्ट. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिली: चार स्मॉल. एका बाटलीत. दोन स्ट्राँग घेणारा माणूस "मी हार्ड पीत नाही" असं प्रामाणिकपणे सांगत असतो, आणि त्याच्या पोटात क्वार्टरपेक्षा जास्त गेलेलं असतं.

पबमध्ये जाणाऱ्यांसाठी आणखी दोन. रंगीत, गोड, २७५ मिलीच्या ज्या बाटल्या सरबतासारख्या लागतात, त्यांतली एक म्हणजे जवळजवळ एक पूर्ण स्मॉल पेग. आणि लाँग आयलंड आइस टी नावाच्या पेयात चहा नसतो. चार-पाच प्रकारची कडक दारू एकाच ग्लासात असते. एका ग्लासाला किमान दोन ते अडीच स्मॉल धरा.

हॉटेलात पेग निदान मापाने येतो. घरी मात्र यजमानाचा हात सैल असतो. आग्रहाचा पेग कधीच ३० मिलीचा नसतो; डोळ्यांनी ओतलेला 'स्मॉल' बघता बघता ५० मिलीचा होतो. घरी पेग मेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं मापाचं टोपण धुऊन घ्या, त्यावर मिलीच्या खुणा असतात. लोक हसतील. हसू द्या.

दुसरी पायरी: घड्याळ लावा

यकृत हे एकच खिडकी उघडी असलेलं तिकीटघर आहे. बाहेर रांग कितीही वाढली तरी आतल्या माणसाचा वेग तोच. ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरातून ताशी साधारण ७ ग्रॅम अल्कोहोल बाहेर पडतं. म्हणजे एका स्मॉल पेगला सव्वा ते दीड तास. लिंबू पाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, गच्चीवरच्या येरझाऱ्या यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

यावरून क्वार्टरचं गणित मांडून बघा. ६० ग्रॅम, म्हणजे साडेआठ तास. रात्री नऊला पहिला घोट घेतला तर पहाटे साडेपाचला रक्त कोरडं. दोन मोठ्या स्ट्राँग बिअर म्हणजे ८० ग्रॅमच्या वर, साडेअकरा तास. नऊला सुरुवात केली असेल तर सकाळचे साडेआठ. हँगओव्हर सगळ्यात जोरात कधी असतो? रक्तातलं अल्कोहोल शून्याच्या जवळ येतं तेव्हा. म्हणजे दोन स्ट्राँगवाल्याचं डोकं बरोबर नऊच्या मीटिंगला फुटायला लागतं.

स्त्रियांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. शरीरातल्या पाण्याचं प्रमाण आणि वजन दोन्ही सहसा कमी असल्यामुळे तेवढ्याच पेगला रक्तातली पातळी जास्त चढते. ५५ किलोच्या बाईच्या रक्तात एक स्मॉल साधारण तेवढा उतरतो जेवढा ७० किलोच्या पुरुषात दीड. नवऱ्याच्या किंवा मित्राच्या पेगला पेग लावणं हे इथे अंकगणितातच बसत नाही. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर अर्थातच शून्य.

नवख्यासाठी माझा आकडा सरळ आहे: एका बैठकीत तीन स्मॉलच्या आत आणि तासाला एकापेक्षा जास्त नाही. याला 'सुरक्षित मर्यादा' समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. मी सांगतोय ते फक्त दुसऱ्या दिवशी माणसात असण्याबद्दल.

तिसरी पायरी: जेवण आधी

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपली पद्धतच उलटी आहे. आपल्याकडे आधी बसतात आणि मग जेवतात. साडेआठला ग्लास भरले जातात, पुढ्यात चणे-फुटाणे, आत रस्सा उकळतोय आणि वाढायला सांगायची कुणाला घाई नाही. साडेबारा वाजता, सगळं पिऊन झाल्यावर, कोंबडी-वडे समोर येतात. तोवर निम्म्यांची भूक मेलेली असते आणि उरलेले निम्मे तिखट रस्सा चिडलेल्या पोटात ओततात.

अल्कोहोल जठरात थोडं आणि लहान आतड्यात भराभर शोषलं जातं. जठरात अन्न असेल तर जठराचं खालचं दार बराच वेळ मिटलेलं राहतं आणि दारू थोडी थोडी पुढे सरकते. पातळी हळू चढते आणि तिचं टोकही खाली राहतं. उपाशीपोटी घेतलेले तेच दोन पेग अर्ध्या-पाऊण तासात डोक्यात जातात. दारू पोटात गेल्यावर, साडेबाराला खाल्लेल्या जेवणाने हे काम होत नाही. तोवर माल आतड्यातून रक्तात गेलेला असतो.

म्हणून निघण्याआधी घरी जेवा. पूर्ण नाही तरी अर्धं. वरण-भात-तूप, पिठलं-भाकरी, दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि पोळी, दही-भात, काहीही, फक्त त्यात थोडं स्निग्ध आणि थोडं प्रथिन हवं. नुसती फळं किंवा दोन बिस्किटं पुरत नाहीत. यजमान तुम्हीच असाल तर मटणाचं पहिलं ताट नऊला फिरवा. बैठक अर्धी झाल्यावर दुसरं. लोक कुरकुरतील, पण दुसऱ्या दिवशी फोन करून आभार मानतील.

चखण्याचंही तसंच. फरसाण, खारे दाणे, वेफर्स खारट असतात. खारटाने तहान लागते आणि समोर पाण्याऐवजी ग्लास असतो. परमिट रूममध्ये खारे चणे फुकट का ठेवतात, याचा विचार केलाय का कधी? उकडलेली अंडी, भाजलेलं पनीर, चिकन टिक्का, तळलेली मासळी, उकडलेले शेंगदाणे, काकडी-टोमॅटो हे मागवा. सुकट-बोंबील आवडत असेल तर खा, पण शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून.

चौथी पायरी: ग्लास हातात आल्यावर

पहिला ग्लास पाण्याचा. तहान लागलेली असताना पेग हातात घेऊ नका. तहानेला पेग पाण्यासारखा जातो. त्यानंतर प्रत्येक पेगमागे एक ग्लास साधं पाणी. दारूमुळे मेंदूतून येणारं लघवी रोखणारं संप्रेरक दबतं, म्हणून सारखं उठावं लागतं आणि शरीरातलं पाणी जातं. पण एक गैरसमज इथेच मोडतो: पाणी पिऊन हँगओव्हर जात नाही. कोरडं तोंड, तहान, थोडी डोकेदुखी कमी होते. मळमळ, मोडलेली झोप, अंगातली कणकण यांची कारणं वेगळी आहेत. पाण्याचा खरा फायदा असा की ते पिताना तुम्ही दारू पीत नसता.

व्हिस्कीत साधं पाणी भरपूर घाला. सोडा आणि कोल्ड्रिंकमधला वायू काही जणांमध्ये दारू आणखी लवकर आतड्यात ढकलतो, आणि गोड कोल्ड्रिंकमुळे दारूची चवच झाकली जाते. चव लागली तर हात थांबतो. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून कधीही घेऊ नका. कॅफिनमुळे चढलेली कळत नाही, पण चढलेली असतेच.

आता राउंडचा विषय. कुणीतरी एक उत्साही असतो जो सगळ्यांचे ग्लास संपण्याआधीच भरतो. अर्धा भरलेला ग्लास पुन्हा भरला गेला की मोजणी संपली. "माझा मी भरतो" हे वाक्य पहिल्याच राउंडला, हसत हसत, स्पष्ट सांगून टाका. तिसऱ्या राउंडला सांगून कुणी ऐकत नाही. आग्रह फारच झाला तर "अँटिबायोटिक चालू आहे" हे मराठी माणसाला बिनशर्त मान्य होणारं कारण आहे. देवाची शपथ मोडतील, पण डॉक्टरचा शब्द मोडणार नाहीत. सोडा, लिंबाची फोड आणि बर्फ घातलेला ग्लास हातात असला की कुणी विचारतही नाही.

आणि सिगारेट. बैठकीत एरवी न ओढणारेही ओढतात. त्याच दिवशी जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना हँगओव्हर जास्त त्रास देतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. बंद एसी खोलीत दहा जणांचा धूर असेल तर गॅलरीत उभे राहा.

काय प्यावं, या वादाबद्दल

"बिअरवर व्हिस्की घेतली म्हणून त्रास झाला." हे कारण मला कधीच पटलं नाही, आणि २०१९ मध्ये जर्मनीत ९० जणांवर झालेल्या प्रयोगातही बिअर आधी की वाइन आधी याने दुसऱ्या दिवशी काही फरक पडलेला दिसला नाही. मिसळल्यावर त्रास होतो तो मोजणी हुकते म्हणून. दोन बिअर 'सुरुवातीच्या' म्हणून हिशेबात धरल्या जात नाहीत आणि 'खरं पिणं' त्यानंतर सुरू होतं.

रंगाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरताना दारूत इतर बरीच रसायनं येतात, आणि गडद, मुरलेल्या दारूत ती जास्त असतात. २०१० मधल्या एका अमेरिकी प्रयोगात बुर्बन (पिंपात मुरलेली अमेरिकी व्हिस्की) आणि व्होडका समोरासमोर ठेवल्या होत्या; बुर्बनमध्ये ही द्रव्यं व्होडकाच्या ३७ पट होती, आणि बुर्बनवाल्यांना त्रास जास्त झाला. पण कामातली सुस्ती दोन्ही गटांत सारखीच निघाली. म्हणजे व्होडकाने डोकं थोडं कमी दुखेल, एक्सेलमधल्या चुका तेवढ्याच होतील.

यातून आणखी एक समज पडतो: "महागडी घेतली की दुसऱ्या दिवशी काही होत नाही." बारा वर्षं पिंपात मुरलेल्या माल्टमध्ये ही द्रव्यं साध्या व्होडकापेक्षा जास्तच असतात. महागड्या बाटलीचा त्रास कमी होतो तो लोक ती पुरवून पुरवून पितात म्हणून.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. मार्चपासून मे महिन्यापर्यंत तिथे उर्राक मिळतं, काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन. लिंबाचं कोल्ड्रिंक, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून देतात, आणि चव अशी की दुपारी दोनला उन्हात बसून तीन-चार ग्लास सहज जातात. फेणीपेक्षा ते बरंच सौम्य असतं, १५ टक्क्यांच्या आसपास, पण उंच ग्लासात ९० मिली ओतलं की झाला एक स्मॉल पेग. त्यात एप्रिलचं ऊन आणि घाम. रात्रीची फेणी ४० टक्क्यांच्या वर असते, ती वेगळी मोजा. दुपारचं उर्राक हिशेबात न धरता रात्री पुन्हा शून्यापासून सुरू करणं, ही पर्यटकांची नेहमीची चूक.

हातभट्टीची, सुटी, बिनलेबलची दारू मात्र कुठल्याही कारणाने नको. तिच्यात मिथेनॉल असू शकतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभरहून जास्त माणसं गेली.

पाचवी पायरी: गोळ्या तपासा

ही पायरी बहुतेक जण वगळतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी दारू घेतल्यावर पहाटे साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, आणि साखर खाली गेलेला माणूस दारू चढल्यासारखाच बडबडतो, लडबडतो. सोबत्यांना आधी सांगून ठेवा. झोपेची गोळी, चिंतेवरची गोळी, गुंगी आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध यांच्यावर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर कोर्स संपेपर्यंत आणि त्यानंतर तीन दिवस थांबा.

बसण्याआधी ॲसिडिटीची गोळी घेण्याची एक पद्धत पडली आहे. तिने जळजळ कमी होईल. हँगओव्हरशी तिचा संबंध नाही. जळजळ होत नाही म्हणून दोन पेग जास्त जातात, हा झालाच तर तोटा.

सहावी पायरी: शेवटचा पेग आणि झोप

झोपायच्या किमान तीन तास आधी ग्लास खाली ठेवा. बाराला झोपायचं तर नऊला. हे ऐकून बैठकीतले लोक तुम्हाला वेड्यात काढतील, पण दुसऱ्या दिवसाची निम्मी मरगळ झोपेतून येते. दारूने डोळा पटकन लागतो, पण उत्तररात्री, पातळी उतरायला लागली की झोप फाटते. तीन-चारला जाग येते, छाती धडधडते, घाम आलेला असतो, नको ते विचार येतात आणि पुन्हा डोळा लागत नाही. सात तास अंथरुणात काढूनही माणूस चार तास झोपल्यासारखा उठतो. म्हणून बैठक आठऐवजी सहाला सुरू करा. साडेनऊला जेवून पाने खाऊन मोकळे. माझ्या माहितीतल्या शहाण्या मंडळींच्या गटारी हल्ली अशाच असतात, आणि यजमानाच्या घरचेही सुखी राहतात.

झोपण्याआधी दोन ग्लास पाणी, त्यातल्या एकात ओआरएस चालेल. एकदम लिटरभर ढोसू नका, उलटी होईल. उशाशी पाण्याची बाटली ठेवा. 'सकाळी डोकं दुखू नये' म्हणून पॅरासिटामॉल घेऊन झोपू नका: दारू आणि पॅरासिटामॉल दोन्हींचा भार यकृतावर पडतो, आणि सकाळपर्यंत गोळीचा असर तसाही ओसरलेला असतो. बोट घालून उलटी काढणंही नको. बहुतेक दारू तोवर रक्तात गेलेली असते, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते.

हँगओव्हर नव्हे, हा दवाखाना आहे

सोबतचा कुणी जोरात हाक मारून, खांदा हलवूनही जागा होत नसेल. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाला असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल. ओठ-नखं निळसर, अंग गार. झोपेतच उलटी झाली किंवा झटका आला असेल. यांपैकी एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. "झोपू दे, उतरेल सकाळी" हे वाक्य इथे माणूस मारतं. शेवटच्या पेगनंतरही पोटातली दारू रक्तात जात राहते, त्यामुळे झोपलेल्याची पातळी अजून चढत असू शकते. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा, उताणा नाही, आणि एकटं सोडू नका. कॉफी पाजू नका, शॉवरखाली उभं करू नका.

दुसऱ्या दिवशी, कधी बारा ते चोवीस तासांनी, धुरकट किंवा पांढरं पांढरं दिसायला लागलं, पोटात जोराने दुखतंय, धाप लागतेय, तर ते मिथेनॉल असू शकतं. तेव्हा लिंबू-पाण्यात वेळ घालवायचा नसतो. वेळेत उपचार झाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

सकाळ

एवढं करूनही डोकं जड असेलच तर आता वेळ हाच उपाय, बाकीची फक्त सोबत. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. वर लिंबू पिळा. घोटघोट घ्या. शहाळं चालेल, पातळ ताक चालेल. ॲसिडिटी उसळलेली असेल तर लिंबू, कोकम सरबत आणि संत्र्याचा रस दूर ठेवा. खायला तांदळाची पेज किंवा मऊ भात, वर तूप-मीठ. कोकणातल्या घरांत तापातून उठलेल्याला हीच पेज देतात, आणि अशा पोटालाही ती सोसते. रात्रभरात खाली आलेली साखर वर यायला तिची मदत होते. हँगओव्हरवर झणझणीत मिसळ हवी असं म्हणणारा एक मोठा पंथ आहे. तर्री चिडलेल्या जठरावर काय करते हे त्या पंथातले लोक दुपारी सांगत नाहीत.

रोज चहा-कॉफी घेत असाल तर आजही एक कप घ्या, नाहीतर ती न मिळाल्याची डोकेदुखी वर चढेल. त्याहून जास्त नको. डोकेदुखीला गोळी शक्यतो टाळा. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन रिकाम्या, चिडलेल्या पोटाला टोचतात आणि पॅरासिटामॉलचं वर सांगितलंच. अगदीच असह्य असेल तर काहीतरी खाऊन, डॉक्टरांना विचारून.

उतारा घेऊ नका. सकाळचा तो एक पेग बरं वाटायला लावतो हे खोटं नाही, पण तो फक्त तक्रार दुपारवर ढकलतो आणि यकृताचं घड्याळ पुन्हा मागे नेतो. उताऱ्याशिवाय सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर तो हँगओव्हर नसून सवयीने पकडल्याची खूण आहे. अशा वेळी अचानक, एकट्याने सोडणंही धोक्याचं असतं, झटके येऊ शकतात. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४४६ या टोल फ्री क्रमांकावर बोला. पुण्यात १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण आहे, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतही होतात.

राहता राहिली गाडी. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. ७० किलोच्या माणसाची पातळी एका स्मॉलने साधारण २० ने वाढते आणि तासाला साधारण १५ ने उतरते. पटापट घेतलेल्या दोन स्मॉलनी मर्यादा ओलांडली जाते. रात्री गाडी चालवायचा प्रश्नच येत नाही. लोक विसरतात ती सकाळ. दोन मोठ्या स्ट्राँग बिअर रात्री अकराला सुरू करून एकला संपवल्या असतील तर सकाळी साडेआठपर्यंत तुम्ही मर्यादेच्या वरच असता, तोंड धुतलेलं असो, दात घासलेले असोत. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पातळी मर्यादेखाली आली तरी हँगओव्हरमध्ये लक्ष आणि हाताचा वेग दोन्ही मंद असतात, त्यामुळे त्या दिवशी ऑफिसला लोकलने नाहीतर रिक्षाने जा, आणि बाइक संध्याकाळी मित्राच्या सोसायटीतून घेऊन या.